उजेडाची भिंत

इ. स. ११९४ च्या जून महिन्यात, दहा तारखेच्या रात्री, फ्रान्समधल्या शार्त्र गावाला आग लागली. पॅरिसच्या नैऋत्येला ऐंशी-नव्वद किलोमीटरवर, गव्हाच्या सपाट मुलखात हे गाव वसलेले आहे आणि मैलोन्‌मैल पसरलेल्या शेतांवरून त्याचे कॅथेड्रल आधी दिसते, गाव मागाहून. त्या रात्री गावाचा मोठा भाग आणि कॅथेड्रल दोन्ही जळाले. लोकांना घरादारांहून मोठा घोर लागला तो एका वस्त्राचा. येशूच्या जन्मावेळी मरियेने नेसलेले म्हणून पुजले जाणारे हे वस्त्र सम्राट शार्ल याने ८७६ मध्ये इथे दिले, अशी परंपरा सांगते. त्याच्या दर्शनाला दूरदूरहून यात्रेकरू येत आणि गावाचा बाजार त्यांच्यावर चाले. वस्त्र जळाले म्हणजे मरियेने गाव सोडले, अशी लोकांची समजूत झाली. तीन दिवसांनी पुरोहित तळघरातून ते सुखरूप घेऊन बाहेर आले. पोपचा प्रतिनिधी मेलिओर तेव्हा गावात होता. मरियेला इथे याहून भव्य देऊळ हवे आहे, तिनेच जुने जळू दिले, असा अर्थ त्याने लोकांना समजावला आणि बांधकामासाठी पैसा उभा राहू लागला.

आगीतून पश्चिमेचा दर्शनी भाग वाचला, त्यातल्या सुमारे ११५० च्या तीन उंच खिडक्या वाचल्या आणि निळ्या वस्त्रातली मरियेची काच वाचली. बाकी सगळे नव्याने उभारायचे होते. १२२० च्या सुमारास छत पूर्ण झाले आणि १२६० मध्ये राजा नववा लुई याच्या उपस्थितीत वास्तूचे समर्पण झाले. त्या काळातली बहुतेक मोठी कॅथेड्रले शतक-दोन शतके रेंगाळली. त्या मानाने शार्त्र झपाट्याने झाले, म्हणून ते एकसंध आहे. १७६ खिडक्या आणि सुमारे २,६०० चौरस मीटर रंगीत काच, तीही बरीचशी १२व्या-१३व्या शतकांतली मूळची. एका छताखाली इतकी जुनी काच जगात दुसरीकडे नाही म्हटले तरी चालेल. गॉथिक काचचित्रे समजून घ्यायला म्हणूनच मी शार्त्र निवडले आहे.

एवढी काच बसवायला जागा कुठून आली, ते आधी पाहू. दगडी कमानदार छताचे वजन नुसते खाली येत नाही, ते भिंतींना बाहेरही रेटते. त्याआधीच्या रोमनेस्क चर्चमध्ये हा रेटा सोसायला भिंती जाडजूड ठेवत आणि खिडक्या बेताच्या. गॉथिक कारागिरांनी टोकदार कमान घेतली, छताचे वजन दगडी फासळ्यांवरून ठरावीक खांबांवर आणले आणि उरलेला रेटा बाहेरून तिरक्या कमानींचे टेकू देऊन अडवला. हे टेकू शार्त्रच्या बाहेरून फिरताना बरगड्यांसारखे दिसतात. शार्त्रच्या स्थपतीने आणखी एक धाडस केले. मधल्या उंचीवरची सज्जांची आख्खी पातळी त्याने गाळली आणि वरच्या खिडक्या खालच्या कमानींएवढ्या उंच केल्या. छत सुमारे ३७ मीटरवर आणि त्याच्या खाली दोन खांबांमधला सगळा भाग मोकळा. भिंतीला पेलायचे असे काही उरलेच नव्हते.

त्या मोकळ्या जागेत त्यांनी जे भरले, ते पाहून कोणालाही कोडे पडेल. इतक्या मोठ्या खिडक्या उघडल्या आणि त्यांत इतकी गडद काच बसवली की आत दिवसाही संधिप्रकाश राहतो. उजेडासाठी जे इतके झटले, ते उजेड असा का अडवतील? माझ्या मते त्यांना खिडकी हवीच नव्हती. त्यांना भिंत हवी होती, पण उजेडाची.

बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, स्वर्गातल्या यरुशलेमचे वर्णन आहे. त्या नगरीचा तट यास्फे रत्नाचा, पायांत नीलमणी आणि पाचू, आणि तिला सूर्याची गरज नाही. चर्च समर्पित करताना याच नगरीची आठवण केली जाई. पॅरिसजवळच्या सें-दनी मठाचा प्रमुख स्युझे याने ११४४ मध्ये आपल्या चर्चचा पूर्वेकडचा भाग नव्या पद्धतीने बांधून घेतला. गॉथिकची सुरुवात तिथून मोजतात. डोळ्यांना दिसणारा उजेड मनाला न दिसणाऱ्या उजेडाकडे नेतो, अशी त्याची धारणा होती आणि ती त्याने लिहूनही ठेवली आहे. या काचांवर किती खर्च झाला याचा त्याला अभिमान होता. त्यांची निगा राखायला त्याने खास कारागीर नेमला आणि एका खिडकीत मरियेच्या पायाशी लोटांगण घातलेला स्वतःही चितारून घेतला. काच न फुटता उजेड तिच्यातून पार होतो, तसा कौमार्य न भंगता येशूचा जन्म झाला, हा दृष्टान्त तेव्हाच्या प्रवचनांत नेहमीचा होता. अशा माणसांसाठी काच म्हणजे बाहेरचे आकाश पाहायचे साधन नव्हते. शार्त्रच्या आत उभे राहिल्यावर बाहेरचे झाड दिसत नाही, ढग दिसत नाही. सूर्य काचेतच आहे असे वाटते.

आता ही काच प्रत्यक्षात कशी होई ते पाहू. याची सर्वांत चांगली माहिती थिओफिलस या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका जर्मन संन्याशाकडून मिळते. १२व्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने रंग, काच आणि धातू या तीन कलांवर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला. त्याचे लिखाण वाचताना हा माणूस भट्टीजवळ उभा राहिलेला आहे, हे ओळीओळीत जाणवते.

तो सांगतो: बीच झाडाच्या लाकडाची राख दोन भाग आणि स्वच्छ वाळू एक भाग. नुसती वाळू वितळायला सुमारे १,७०० अंश सेल्सियस तापमान लागते आणि तेवढी आच तेव्हाच्या भट्टीत शक्य नव्हती. राखेतल्या पोटॅशमुळे ती बऱ्याच कमी आचेवर वितळते. भट्ट्या म्हणूनच गावात नसत. त्या रानाच्या कडेला असत, कारण जळणही झाडांचे आणि कच्चा मालही झाडांचा. काचेच्या लाद्या तिथून कॅथेड्रलच्या आवारातल्या कारागिरांकडे गाड्यांनी येत. काच बनवणारे वेगळे आणि काचेचे चित्र करणारे वेगळे.

राखेबरोबर मँगनीज आणि लोहही येई. थिओफिलसने पाहिले होते की एकाच भांड्यातली काच, तिच्यात काही न घालता, कधी केशरी पिवळी होते, कधी मांसल रंगाची आणि जास्त वेळ तापवली तर जांभळट. आज आपण म्हणू की आचेत आणि धुरात ऑक्सिजन किती, यावर मँगनीज आणि लोहाच्या अणूंची अवस्था ठरते आणि तिच्यावर रंग. त्याला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याने तास मोजले आणि रंग टिपून ठेवले. चित्रांतल्या माणसांचे चेहरे ज्या फिकट गुलाबी-तपकिरी काचेतून कापलेले आहेत, ती अशी आचेच्या लहरीतून मिळालेली आहे.

बाकीच्या रंगांसाठी धातू घालावे लागत. तांब्याने हिरवा येई, कोबाल्टने निळा. लाल रंग सर्वांत अवघड. तोही तांब्याचाच, पण इतका दाट की लादी पूर्ण जाडीची केली तर ती काळी दिसते. मग लाल आणि रंगहीन काचेचे पातळ थर एकत्र आणून फुंकत. शार्त्रच्या काळातल्या लाल काचेचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर लाल रंगाच्या केसासारख्या बारीक रेघांचे थरावर थर दिसतात. एकाच तुकड्यात लाल कुठे गडद आणि कुठे फिका असतो तो त्यामुळे. काही तुकड्यांत तो आतून हलल्यासारखा दिसतो.

निळ्याची गोष्ट वेगळी आहे. ती मला या सगळ्या विषयातली सर्वांत आवडती वाटते. थिओफिलस लिहितो की जुन्या मूर्तिपूजकांच्या इमारतींमध्ये रंगीत काचेचे बारीक तुकडे आणि लहान भांडी सापडतात, फ्रेंच लोक ती जमवतात, निळी भांडी वितळवून त्यांत थोडी रंगहीन काच घालतात आणि खिडक्यांसाठी मोलाच्या निळ्या लाद्या करतात. मूर्तिपूजक म्हणजे रोमन. विसाव्या शतकात १२व्या शतकातल्या निळ्या काचांचे रासायनिक पृथक्करण झाले, तेव्हा पश्चिमेकडच्या तीन खिडक्यांतली ती फिकट तेजस्वी निळी काच राखेची निघाली नाही, ती सोड्याची निघाली. सोड्याची काच करायची रीत रोमनांची. हा निळा रंग प्रत्येक तुकड्यात रोमन काच वितळवूनच आला, असे ठामपणे म्हणता येत नाही, पण थिओफिलसचा शब्द आणि प्रयोगशाळेतला निष्कर्ष एकाच दिशेला बोट दाखवतात. सोड्याची काच ओलाव्याला दाद देत नाही. शेजारच्या राखेच्या काचांवर आठशे वर्षांच्या पावसाने खड्डे पाडले असताना मरियेचे निळे वस्त्र स्वच्छ राहिले, त्याचे कारण हे आहे.

चित्र जुळवायची पद्धत अशी. चुना फासलेल्या मोठ्या लाकडी फळीवर खिडकीच्या एका भागाचे पूर्ण आकाराचे रेखाटन करायचे आणि कोणत्या तुकड्याला कोणता रंग तेही तिथेच लिहायचे. काच फळीवर ठेवून तिच्यावर कडा आखायच्या. हिऱ्याचे कटर तेव्हा नव्हते. लाल तापवलेली लोखंडी सळई काचेवरून फिरवायची, तडा तिच्या मागोमाग जातो, मग खाचेच्या लोखंडी अवजाराने कड चिमटून चिमटून हव्या त्या आकाराची करायची. मूळ तुकड्यांच्या कडेवर हे बारीक चावे आजही हाताला लागतात आणि मागाहून बदललेला तुकडा ओळखायला संवर्धकांना त्यांचा उपयोग होतो. मग सहज वितळणाऱ्या काचेची पूड, तांब्याची किंवा लोखंडाची भस्मे आणि वाइन किंवा लघवी यांची तपकिरी शाई करून नाक, डोळे, वस्त्रांच्या चुण्या काढायच्या आणि तुकडे पुन्हा भट्टीत घालायचे, म्हणजे रेघ काचेवर कायमची बसते. काचेवर हाताने काढलेले एवढेच. बाकीचा सगळा रंग काचेच्या अंगचा. शेवटी शिशाच्या पट्ट्या. पट्टीच्या दोन्ही अंगांना सरकत्या खिडकीच्या चौकटीला असते तशी खाच असते, तिच्यात काचेची कड बसते आणि सांध्यांवर कथिल-शिशाचा डाख. तयार झालेला भाग खिडकीत पक्क्या केलेल्या जाड लोखंडी गजांच्या चौकटीवर चढवायचा. शिसे मऊ असल्याने वाऱ्याच्या झोतात ही प्रचंड खिडकी किंचित लवते आणि फुटत नाही.

शिशाच्या काळ्या रेघा ही काही नाइलाजाने सोसलेली गोष्ट नव्हे. उजेड पाठीमागून येतो तेव्हा रंग आपापल्या कडा ओलांडतात. निळा सर्वांत जास्त पसरतो, लाल फारसा नाही. १९व्या शतकात फ्रान्समधल्या अनेक मध्ययुगीन वास्तूंची डागडुजी करणारा स्थपती व्ह्योले-ल-द्यूक याने आपल्या वास्तुकोशात यावर बारकाईने लिहिले आहे. निळ्यावर काळ्या रेषांची नक्षी घालून जुने कारागीर त्याचा पसारा आवरत, हे त्याने दाखवून दिले. शिशाची रेघ दोन रंगांमध्ये कुंपण घालते. ती काढली तर लाल आणि निळे लांबून जांभळ्याच्या धुक्यात मिसळतील.

डोळ्याचा आणखी एक गुण इथे कामी येतो. १९व्या शतकाच्या आरंभी चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये याने नोंदवले की दिवस मावळत असताना लाल फुले आधी काळवंडतात आणि निळी फुले उजळ होत जातात. मंद उजेडात डोळ्यांतल्या वेगळ्या पेशी कामाला लागतात आणि त्या निळ्याकडे झुकलेल्या असतात. बाहेरच्या उन्हातून अंधाऱ्या कॅथेड्रलमध्ये आलेल्या माणसाच्या डोळ्यांना पुरते सरावायला अर्धा तास तरी लागतो. त्या अर्ध्या तासात निळा रंग वाढत जातो. म्हणून शार्त्र घाईने पाहणाऱ्याला दिसत नाही. १३व्या शतकातला माणूस इथे तासभर मिस्सा ऐकत उभा राहायचा.

मरियेची ती वाचलेली काच सुमारे ११८० ची आहे. सुंदर काच म्हणून ती ओळखली जाते. मधले चार भाग तेवढे जुने आहेत, भोवतीचे देवदूत आणि खालची दृश्ये १३व्या शतकात नव्या खिडकीत बसवताना जोडलेली. मरिया समोर पाहत बसली आहे, मांडीवर बाळ, पाठीमागे लाल. तिच्या अंगावरची निळी काच भोवतीच्या गडद निळ्याहून इतकी फिकी आहे की लाल पार्श्वभूमीतून ती आकृती पुढे येते. जुन्या आणि नव्या काचांमध्ये शतकाचेही अंतर नाही, पण हात बदललेला साधा डोळाही ओळखतो. जुन्या कारागिराने काच उजळ ठेवली आणि रेघा मोजक्या काढल्या. नव्या पिढीला २,६०० चौरस मीटर भरायचे होते.

खालच्या खिडक्यांमध्ये गोष्टी आहेत. त्या बहुधा तळापासून वर वाचायच्या. दक्षिणेकडच्या चांगल्या शोमरोन्याच्या खिडकीचे उदाहरण घेऊ. तळाशी चांभार काम करताना दिसतात. त्यांच्या वर येशूने सांगितलेला दाखला सुरू होतो. एक माणूस यरुशलेमहून निघतो, दरोडेखोर दबा धरून बसलेले आहेत, ते त्याला लुबाडून अर्धमेला टाकून जातात, याजक आणि लेवी बघून पुढे निघून जातात आणि परका शोमरोनी थांबून जखमा बांधतो, त्याला धर्मशाळेत नेतो. दाखला इथे संपतो, पण खिडकी अजून संपलेली नाही. वर अचानक देव आदामाला घडवतो. हव्वा, साप, एदेन बागेतून हकालपट्टी, कष्टाचे जिणे, काइनाने हाबेलाची केलेली हत्या आणि अगदी वर ख्रिस्त. दोन गोष्टींचा संबंध प्रवचनकारांनी शिकवलेला होता. नगरातून निघालेला वाटसरू म्हणजे स्वर्गातून बाहेर पडलेला आदाम, म्हणजे सगळी माणसे, आणि थांबून उचलणारा परका म्हणजे ख्रिस्त. काचेत हे एका अक्षरानेही लिहिलेले नाही. पाहणाऱ्याची नजर वर चढत गेली की अर्थ आपोआप जुळतो.

निरक्षरांचे बायबल, असे या खिडक्यांबद्दल सर्रास म्हटले जाते. चित्रे ही न वाचता येणाऱ्यांची पुस्तके, हे पोप ग्रेगरीचे मत इ. स. ६०० च्या सुमाराचे आहे आणि ते या खिडक्यांना उशिरा चिकटले. मला ते अपुरे वाटते. ज्याला गोष्ट आधीच ठाऊक नाही त्याला शोमरोन्याच्या वर आदाम का, हे चित्रातून कळणार नाही. वीस मीटरवरच्या चित्रांतले बारकावे तर दुर्बिणीशिवाय कोणालाच दिसणार नाहीत. खिडकी शिकवत नव्हती. ऐकलेले ती समोर उभे करत होती.

खिडक्यांच्या तळाशी, उभ्या माणसाच्या नजरेजवळ, चांभारांसारखे बाकीचे व्यवसायही आहेत. नोहाच्या खिडकीत सुतार आणि चाके करणारे, मग्दालीया मरियेच्या खिडकीत पाणके, योसेफाच्या खिडकीत पैशांची अदलाबदल करणारे सराफ, संत लुबँच्या खिडकीत गाडीवर पिंप लादून नेणारे मद्यविक्रेते, सम्राट शार्लमेनच्या खिडकीत गिऱ्हाइकाला केसाळ कातड्याचा झगा उलगडून दाखवणारा व्यापारी, पावाच्या टोपल्या घेतलेले भटारी. संत शेराँच्या खिडकीत दगडफोडे आणि मूर्तिकार राजांचे पुतळे घडवत आहेत. म्हणजे कॅथेड्रल बांधणारे हात कॅथेड्रलच्याच काचेत आले. अशी व्यवसायांची चित्रे चाळीसहून अधिक खिडक्यांत सापडतात.

ही चित्रे म्हणजे देणगीदार व्यवसाय-मंडळांच्या सह्या, असे इतिहासकार बराच काळ मानत आले. अलीकडच्या अभ्यासकांना ते तितकेसे पटत नाही. शार्त्रच्या व्यवसायांची संघटित मंडळे त्या काळी अजून उभी राहिली नव्हती आणि १२१० मध्ये तर गावकऱ्यांनी कॅथेड्रलच्या पुरोहित-मंडळाविरुद्ध दंगल केली होती. बाजारावर आणि करांवर हक्क कोणाचा, यावरून पुरोहित आणि तिथला काउंट यांच्यात रस्सीखेच चालू होती. तेव्हा ही चित्रे पुरोहितांना हवा तसा आज्ञाधारक, दान देणारा गाव दाखवतात, असेही म्हणता येते. मला या दुसऱ्या वाचनात तथ्य दिसते. तरीही पावाच्या टोपलीशेजारी वाकलेल्या त्या भटाऱ्याच्या पाठीत जी ओळख आहे, ती त्याला रोज पाहणाऱ्यानेच काढली असणार.

उत्तर आणि दक्षिण बाजूंच्या वर्तुळाकार गुलाब-खिडक्या याउलट थेट सत्तेच्या आहेत. उत्तरेच्या खिडकीत फ्रान्सच्या राजघराण्याची लिलीची फुले आणि कास्टीलचे किल्ले आहेत. राणी ब्लांश कास्टीलची राजकन्या आणि नवव्या लुईची आई होती. खालच्या पाच उभ्या खिडक्यांत मध्ये संत ॲना बाळ मरियेला घेऊन उभी आहे, तिच्या दोन्ही बाजूंना मलकीसदेक, दावीद, शलमोन आणि अहरोन. समोर दक्षिणेला ब्रिटनीचा ड्यूक पिएर मोक्लेर याचे दान, आणि त्याने कुटुंबासह आपली ओळखही ठेवली आहे. तिथल्या उभ्या खिडक्यांत चार सुवार्तिक संदेष्ट्यांच्या खांद्यांवर बसलेले आहेत. यशयाच्या खांद्यावर मत्तय, यिर्मयाच्या खांद्यावर लूक, यहेज्केलाच्या खांद्यावर योहान, दानिएलाच्या खांद्यावर मार्क. खाली जुना करार, वर नवा. वर बसलेले खालच्यांपेक्षा लहान आहेत, पण त्यांना लांबचे दिसते. याच शार्त्रच्या कॅथेड्रल-शाळेत शतकापूर्वी शिकवणारा बर्नार आपल्या विद्यार्थ्यांना सांगे की आपण राक्षसांच्या खांद्यांवर बसलेले बुटके आहोत, आणि हे आपल्यापर्यंत पोचवणारा जॉन ऑफ सॉल्सबरी पुढे शार्त्रचाच बिशप झाला. खिडकी त्या वचनावरूनच केली, असा पुरावा नाही. पण हा विचार या गावात शंभर वर्षे नांदत होता.

पुढच्या शतकांत काचेची चव बदलली. १४व्या शतकाच्या आरंभी चांदीच्या क्षारांनी काचेवर पिवळा रंग चढवायची युक्ती आली, रंगहीन काच वाढली आणि चर्च उजळ होत गेली. १८व्या शतकातल्या सुशिक्षित पुरोहिताला जुनी काच अडाणी वाटू लागली. शार्त्रच्या पुरोहित-मंडळाने वेदीमागे मरियेच्या स्वर्गारोहणाचा मोठा संगमरवरी शिल्पसमूह ब्रिदाँ या शिल्पकाराकडून करवून घेतला. तो १७७३ मध्ये पूर्ण झाला. तो नीट दिसावा म्हणून गायनमंडपाच्या वरच्या काही खिडक्यांमधली १३व्या शतकातली काच काढून साधी बसवली. कोणी शत्रू आला नव्हता, आग लागली नव्हती. ज्यांच्याकडे राखण होती त्यांनीच ती काढली. त्या काचा परत मिळाल्या नाहीत. मला हे नुकसान शार्त्रच्या इतिहासातले सर्वांत मोठे वाटते, ११९४ च्या आगीहूनही, कारण आगीनंतर लोकांनी त्याहून सुंदर काही उभारले.

मग १९व्या शतकात युरोपला पुन्हा गॉथिकची ओढ लागली आणि ती आपल्याकडेही आली. मुंबईत कुलाब्याचे अफगाण चर्च १८५८ चे, तिथल्या काचा इंग्लंडच्या विल्यम वेल्सच्या कारखान्यातल्या. राजाबाई टॉवरखालच्या विद्यापीठ ग्रंथालयातही रंगीत काचा आहेत. त्या काळातल्या कारागिरांपुढे एक अडचण उभी राहिली. नवी काच फार शुद्ध होती. बुडबुडे नाहीत, रेघा नाहीत, जाडी सारखी, म्हणून उजेड तिच्यातून सरळ पार होई आणि रंग पातळ वाटे. जुनी काच आतल्या बुडबुड्यांवर आणि रेघांवर उजेड विखुरते, तो काचेच्या पोटातच थांबतो. इंग्लंडमध्ये चार्ल्स विन्स्टन या वकिलाने जुन्या काचेचे पृथक्करण करवून घेतले आणि मुद्दाम तशी काच पुन्हा बनवून घेतली.

जुन्या काचेविषयी एक समज इथे खोडून काढायला हवा. काच हा अतिशय सावकाश वाहणारा द्रव आहे, म्हणून जुन्या काचा तळाशी जाड झाल्या, असे पुष्कळ पुस्तकांत छापलेले असते. नेहमीच्या तापमानाला काच इतकी वाहायला विश्वाच्या वयापेक्षाही अधिक काळ लागेल. फुंकून केलेली काच मुळातच कमी-जास्त जाडीची असते. काही तुकडे तळाशी जाड आहेत, काही माथ्याशीही.

काचेचा खरा शत्रू पाणी. पावसाचे पाणी राखेच्या काचेतले पोटॅशियम आणि कॅल्शियम हळूहळू बाहेर काढते, पृष्ठभागावर खड्डे पडतात आणि हवेतल्या गंधकाशी मिळून जिप्समचा पांढरा थर बसतो. बाहेरून शार्त्रच्या खिडक्या पाहिल्या तर त्या काळ्याराखाडी, मुक्या दिसतात. १९७० च्या दशकात पश्चिमेच्या तीन खिडक्या स्वच्छ करून त्यांच्यावर कृत्रिम राळेचा लेप दिला, तेव्हा फ्रान्समध्ये मोठा वाद झाला. आता वेगळी रीत आहे. जुन्या जागी बाहेरच्या बाजूने नवी साधी काच बसवतात, जुनी काच तिच्या थोडी आत टांगतात आणि मधून हवा खेळती ठेवतात. पाऊस नवी काच झेलते.

दोन्ही महायुद्धांत खिडक्या उतरवून ठेवल्या गेल्या. १९३९ मध्ये त्या आधी तळघरात आणि मग नैऋत्य फ्रान्समधल्या एका भूमिगत खाणीत गेल्या. कॅथेड्रल मात्र जागीच उभे होते. १६ ऑगस्ट १९४४ रोजी अमेरिकी सैन्य गावात शिरले. मनोऱ्यात जर्मन टेहळे दडले आहेत अशा समजुतीने त्यावर तोफा डागायचा हुकूम निघाला होता. कर्नल वेल्बोर्न ग्रिफिथ यांनी आपण जाऊन पाहतो म्हणून सांगितले, आत शिरून मनोरा धुंडाळला आणि कोणी नाही असे कळवले. हुकूम मागे घेतला गेला. त्याच दिवशी जवळच्या लेव्ह गावी ग्रिफिथ लढताना मारले गेले.

२००९ च्या सुमारास आतल्या भिंतींची मोठी डागडुजी सुरू झाली. मेणबत्त्यांच्या आणि जुन्या आगीच्या काजळीखाली १३व्या शतकाचा फिकट पिवळसर रंग आणि त्यावर पांढऱ्या रेघांनी काढलेले दगडांचे खोटे सांधे सापडले. संवर्धकांनी तो रंग पुन्हा चढवला. अनेकांना धक्का बसला, कारण काळवंडलेल्या दगडांमध्ये चमकणाऱ्या काचा हेच शार्त्रचे रूप पिढ्यान्‌पिढ्या मनात ठसलेले होते. मला रंग चढवण्याचा निर्णय पटतो. काळोख १३व्या शतकालाही हवा होता, पण तो काचेतून गाळलेला. काजळीचा काळोख पुढच्यांनी दिला. फिकट भिंतीवर काचेचे रंग पडतात, काळ्या दगडात ते विझतात. मात्र मूळ रूप परत आले, असे कोणी म्हणू नये. गायनमंडपात अजून १८व्या शतकातल्या साध्या काचेतून पांढरा उजेड येतो, आणि खाली विजेचे दिवे लावलेले असतात. साध्या काचेचे आता काही करता येत नाही. दिव्यांचे येते. दिवसातून एक तास ते मालवावेत, आणि पाहायला आलेल्यांना आधी अर्धा तास बसू द्यावे.